ताळा जुळत नाही तेव्हा

«ताई, मी २८ वर्षांची आहे. सहा वर्षं हिशेब खात्यात काढली. आता नोकरी सोडायचं ठरवून वेब डेव्हलपमेंटच्या बूटकॅम्पला प्रवेश घेतलाय. १४ आठवडे, पूर्ण वेळ. सुरू व्हायला अजून सात आठवडे आहेत, तोवर नोकरी चालूच. गेल्या तीन महिन्यांत ऐंशीएक तासांचे व्हिडिओ पाहून झाले. पाहताना सगळं समजतं. पण स्वतः रिकामी फाइल उघडली की पहिली ओळसुद्धा सुचत नाही, हात गार पडतात. आता उरलेल्या वेळात रिअ‍ॅक्ट शिकून घेऊ की पायथन? गणित यथातथाच आहे, चालेल का? लॅपटॉप पाच वर्षांचा आहे, नवा घ्यावा का? मैत्रीण म्हणते, हल्ली एआय सगळा कोड लिहितं, तू कशाला चांगली नोकरी सोडतेस? बॅचमधले सगळे माझ्या पुढे असतील या विचारानं झोप लागत नाही. आणि एक बारीकसा प्रश्न: तो खटखट वाजणारा महागडा कीबोर्ड खरंच लागतो का? अहो-जाहो करू नका, परकं वाटतं. — रिकामी फाइल»

प्रिय रिकामी फाइल,

तुझ्या पत्रात पाच-सहा प्रश्न आहेत आणि एक कबुली आहे. प्रश्नांची उत्तरं ओघात देते. कबुलीपासून सुरुवात करू, कारण खरं दुखणं तिथे आहे.

पण त्याआधी मला एक सांग. महिनाअखेरीला ताळा जुळत नाही, तेव्हा तू काय करतेस? सगळ्या नोंदी पहिल्यापासून पुन्हा टाकायला नक्कीच घेत नसशील. आधी फरक किती ते काढतेस. फरकाला ९ ने भाग गेला, तर कुठेतरी दोन आकड्यांची अदलाबदल झाली असावी असा संशय येतो: ५४० च्या जागी ४५० पडले की फरक ९० चा येतो. तसं नसेल तर फरकाची निम्मी रक्कम शोधतेस, कारण जमेची नोंद चुकून नावे पडली असेल तर फरक दुप्पट दिसतो. तेही नसेल तर पंधरा तारखेपर्यंतचं जुळतंय का ते पाहतेस. जुळलं, म्हणजे चूक उरलेल्या पंधरा दिवसांत. मग त्याचे पुन्हा दोन भाग.

यालाच आम्हा प्रोग्रॅमर लोकांकडे डिबगिंग म्हणतात. गिट नावाचं, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं जे साधन तुला पहिल्याच आठवड्यात हातात देतील, त्यात बायसेक्ट अशी एक आज्ञाच आहे. जुन्या बदलांचे निम्मे-निम्मे भाग करत चूक नेमकी कोणत्या बदलात शिरली ते ती शोधायला लावते. तू हे काम सहा वर्षं करते आहेस, तेही चिडचिड न करता. बूटकॅम्पला येणाऱ्या बऱ्याच जणांची दांडी इथेच उडते. कोड येत नाही म्हणून थोडीच माणसं सोडून जातात. कोड चालत नाही आणि का चालत नाही ते कळत नाही, अशा अवस्थेत दोन तास बसवत नाही, म्हणून जास्त जातात. मी नवख्यांना शिकवायला लागल्यापासून हे इतक्या वेळा पाहिलंय की हल्ली पहिल्या दिवशी कोणाला किती येतं याकडे मी लक्षच देत नाही.

तेव्हा या सात आठवड्यांसाठी माझं सांगणं एवढंच: पुढचा अभ्यासक्रम आधी उरकण्याच्या मागे लागू नकोस, अडकायची सवय कर. रोज थोडं अडकायचं आणि रोज स्वतःच्या हातानं बाहेर यायचं. रिअ‍ॅक्ट, डेटाबेस, सर्व्हर हे सगळं ते १४ आठवड्यांत शिकवतीलच, त्याचेच पैसे घेतलेत त्यांनी. अडकलेल्या माणसाजवळ थांबायला मात्र त्यांना वेळ नसतो. दुसऱ्या दिवशी नवा विषय सुरू झालेला असतो.

आता व्हिडिओ. ऐंशी तास पाहूनही हात का गार पडतात? दुसऱ्याचा कोड पाहून तो ओळखणं आणि स्वतःच्या डोक्यातून तो काढणं, ही दोन निराळी कामं आहेत. व्हिडिओत पहिलं कामच होतं. शिवाय शिकवणारा माणूस ते काम कॅमेऱ्यासमोर बसायच्या आधी दहा वेळा करून आलेला असतो. त्याची चुकलेली वळणं कापून टाकलेली असतात, आणि तुला नेमकं तेच पाहायला हवं होतं. व्हिडिओ अगदी बंद कर असं म्हणत नाही. दहा मिनिटं पाहा, खिडकी मिटव, तेच न पाहता लिहून काढ. अर्धं विसरशील, विसरू दे. मग पुन्हा पाहून कुठे अडलं तेवढंच हेर. शेवटी त्यात एक गोष्ट स्वतःची बदल: बटण डावीकडे ने, यादी उलट्या क्रमानं दाखव, काहीही. बदल करायला गेल्यावर कळतं की काय समजलं होतं आणि काय नुसतं डोळ्याखालून गेलं होतं.

आणि रिकाम्या फाइलसाठी तुला एक काम देते. तुझ्याच धंद्यातलं आहे. तीन मैत्रिणींनी मिळून खर्च केला, प्रत्येकीच्या वाट्याला किती, हे सांगणारं एक पान बनव. तीन चौकटी, एक बटण, खाली उत्तर. चौकटी आणि बटण एचटीएमएलमध्ये, दिसणं सीएसएसमध्ये, हिशेब जावास्क्रिप्टमध्ये. रिअ‍ॅक्ट नको, कोणाचा तयार साचा नको. फाइल उघडलीस की पहिली ओळ कोडची लिहूच नकोस. साध्या मराठीत लिही: «तीन आकडे घे. बेरीज कर. तीनने भाग. उत्तर दाखव.» झाली की फाइल भरायला सुरुवात! आता एकेका वाक्याखाली त्याचा कोड शोधायचा.

पुढे काय होणार ते आत्ताच सांगते. तू १००, ५० आणि ३० टाकशील. उत्तर ६० यायला हवं. पडद्यावर दिसेल ३३५०१०.

घाबरू नकोस, हिशेबनीसाच्या डोळ्यानं त्या आकड्याकडे पाहा. याला तीनने गुण. १००५०३०. दिसलं? बेरीज झालीच नाही, आकडे एकमेकांना चिकटले. चौकटीतून येणारी प्रत्येक गोष्ट जावास्क्रिप्टच्या लेखी मजकूर असते, तू आकडा टाकलास तरी. मजकुराला अधिक चिन्ह लावलं की ती भाषा दोन तुकडे जोडते. वजाबाकी, गुणाकार, भागाकार यांना मजकुरात काही अर्थ नसतो, म्हणून तिथे ती गुपचूप आकडा करून घेते. त्यामुळे बेरीज फसली आणि भागाकार मात्र व्यवस्थित झाला. चौकटीतून घेतानाच मजकुराचा आकडा करून घेतला की ६० येतात. हे मी आत्ता सांगितलं तरी तू ते विसरशील. स्वतः अर्धा तास त्या ३३५०१० कडे बघत बसलीस तर जन्मात विसरणार नाहीस.

एवढ्यावर थांबू नकोस, कारण पुढची गंमत तुझ्याच आवडीची आहे. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे कोडची ओळ टाकून लगेच उत्तर पाहायच्या खिडकीत, ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करून पाहा. उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. संगणक बिघडलेला नाही. आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहायला गेलं की ३ संपतच नाहीत, तसा एक दशांश द्विमान पद्धतीत संपत नाही. संगणक तो ठरावीक जागेत कापून ठेवतो आणि कापलेलं कुठेतरी डोकं वर काढतं. म्हणून पैशाचा हिशेब ठेवणारे शहाणे प्रोग्रॅमर रक्कम दशांशात न ठेवता सगळ्यात लहान एककाच्या, म्हणजे पैशांच्या, पूर्ण आकड्यात ठेवतात. आता १०० चे तीन वाटे कर. शंभर रुपयांचे १०,००० पैसे, प्रत्येकीला ३,३३३, आणि एक पैसा उरतो. तो कोणाच्या माथी? जावास्क्रिप्ट याचं उत्तर देणार नाही. तुझ्या खात्यात अशा फरकाचं काय करतात हे तुला माहीत आहे. ते नियमात मांडून कोडमध्ये उतरवणं, यालाच या कामातला विचार म्हणतात.

गणिताच्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. भागाकाराची बाकी कळते, टक्केवारी कळते, «हे असेल आणि ते नसेल तर» असा विचार करता येतो? बस्स. थ्रीडी खेळ किंवा मशीन लर्निंगकडे वळलीस तर पुढचं पुढे पाहू.

एक वही कर. खरी, कागदाची. प्रत्येक अडचणीला तीन ओळी: संदेश काय आला, मला काय वाटलं, निघालं काय. एरर संदेश लाल अक्षरांत येतो म्हणून लोक तो वाचतच नाहीत, परीक्षेच्या निकालासारखे डोळे मिटून घेतात. वाच. त्यात चूक कोणत्या प्रकारची आहे ते असतं, फाइलचं नाव असतं, ओळीचा क्रमांक असतो. सिंटॅक्स एरर म्हणजे लिहिण्यात चूक, बहुधा एखादा कंस राहिलाय. रेफरन्स एरर म्हणजे तू अशा नावाला हाक मारते आहेस जे अस्तित्वातच नाही, बहुधा स्पेलिंग चुकलंय. टाइप एरर म्हणजे वस्तू आहे, पण तू समजतेस तशी ती नाही. नवख्यांना सर्वांत जास्त छळणारा टाइप एरर असा असतो: «नलच्या प्रॉपर्टी वाचता येत नाहीत». नल म्हणजे «इथे काहीच नाही». पुष्कळदा त्याचं कारण इतकंच की तुझी स्क्रिप्ट पानाच्या वरच्या भागात आहे, ती बटण शोधायला धावली तेव्हा बटण पानावर यायचंच होतं. क्रमांकाची ओळ बरोबर दिसली तर तिच्या वरची ओळ पाहा, न लावलेला कंस तिथे सापडतो.

रिअ‍ॅक्ट की पायथन? दोन्ही नको. पायथन उत्तम भाषा आहे, पण ब्राउझरला थेट समजते जावास्क्रिप्ट, आणि रिअ‍ॅक्ट ही जावास्क्रिप्टमध्येच लिहिलेली लायब्ररी, फेसबुकनं २०१३ मध्ये खुली केलेली. पाया कच्चा ठेवून तिच्यावर गेलीस तर चूक रिअ‍ॅक्टची की जावास्क्रिप्टची हेच कळणार नाही. (तुझ्या बूटकॅम्पचा सर्व्हरचा भाग पायथनमध्ये असेल तरीही ब्राउझरची बाजू जावास्क्रिप्टचीच राहते.) त्यांनी प्रवेशासोबत पूर्वतयारीचा अभ्यास पाठवला असेल तर माझं सगळं बाजूला ठेव आणि आधी तो कर. नसेल तर व्हेरिएबल, अटी, लूप, फंक्शन, अ‍ॅरे, ऑब्जेक्ट, मग बटण दाबल्यावर काहीतरी घडवणं, एवढं हाताखालून जाऊ दे. फंक्शननं उत्तर परत देणं आणि फंक्शननं उत्तर कन्सोलवर छापणं यातला फरक तुला नीट सांगता आला, तर तू बऱ्याच जणांच्या पुढे आहेस. इतकी साधी गोष्ट, पण तिथे मी चांगली-चांगली माणसं गडबडलेली पाहिली आहेत.

ही भाषा मधूनच तुला वेड्यासारखी वाटेल. तारखेतला महिना विचारलास तर जानेवारीला ० म्हणेल. त्यात तुझा दोष नाही. ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केपमध्ये तिचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला, आणि तारखेचा हा प्रकार जावा नावाच्या दुसऱ्या भाषेकडून जसाच्या तसा उचलला गेला. तेव्हाच्या घाईचं ओझं आपण अजून वाहतो आहोत, कारण ते बदललं तर जुनी पानं मोडतील. अशा जागी «का?» असं फार विचारू नये, वहीत लिहावं आणि पुढे जावं. संदर्भासाठी मोझिलाचं एमडीएन हे संकेतस्थळ जवळ ठेव. शिकवण्यांच्या गर्दीत ते रुक्ष वाटेल, पण कामाला लागल्यावरही आपण तेच उघडतो.

टर्मिनल (आज्ञा टाइप करून संगणक चालवायची खिडकी) आणि गिट यांना दोन-तीन संध्याकाळी दे. या फोल्डरमधून त्या फोल्डरमध्ये जाणं, नवा फोल्डर करणं, मी आत्ता कुठे आहे हे विचारणं. गिट लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलं, गिटहब ही त्यावर उभी राहिलेली निराळी सेवा. या दोघांत घोळ करू नकोस. रोजचं काम संपताना एक कमिट, म्हणजे गिटमध्ये बदलाची नोंद, सोबत आज काय बदललं त्याची एक ओळ. तुला हे जड जाणार नाही, रोजकीर्दच आहे ती.

फाइलच्या नावांत सगळी अक्षरं लहान लिपीत आणि मध्ये जागा नको. हे इतकं ठासून का सांगते? माझ्या पहिल्या नोकरीत माझ्या मशीनवर एक चित्र छान दिसायचं आणि सर्व्हरवर गायब व्हायचं. दीड दिवस मी सीएसएस उलटंपालटं केलं. शेवटी शेजारच्या माणसानं खुर्ची सरकवून पाहिलं आणि म्हणाला, फाइलच्या नावात पहिलं अक्षर मोठ्या लिपीतलं आहे. माझं विंडोज दोन्ही एकच मानत होतं, सर्व्हरवरचं लिनक्स मानत नव्हतं. तो दीड दिवस गेला याचं दुःख नाही. मी तो दीड दिवस कोणाला विचारलंच नाही, याची अजून लाज वाटते.

म्हणून विचारण्याचीही सवय आत्ताच लाव. वीस-पंचवीस मिनिटं स्वतः झटायचं, मग विचारायचं. विचारताना चार वाक्यं: मला काय करायचं होतं, मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. «चालत नाहीये» असं नुसतं लिहून कोणाला पडद्याचा फोटो पाठवू नकोस. ही चार वाक्यं लिहिताना निम्म्या वेळा तुझं तुलाच उत्तर सापडेल आणि प्रश्न न पाठवताच खोडशील.

आता मैत्रिणीचं म्हणणं. ते उडवून लावण्यासारखं नाही. एआय कोड लिहितं, झपाट्यानं लिहितं, आणि नवख्यांना पहिली नोकरी मिळवणं माझ्या वेळेपेक्षा कठीण झालंय असं मला दिसतं. ते तुझ्यापासून लपवणार नाही. नोकरी सोडण्याआधी निदान सात-आठ महिन्यांचा खर्च गाठीशी आहे ना, हे हिशेबनीस बाईला मी काय सांगावं! पण वाट्याचं ते पान आठव. एआयला सांगितलंस तर ते दहा सेकंदांत देईल, आणि कदाचित प्रत्येकीला ३३.३३ दाखवेल. पान देखणं असेल, एररही नसेल. बेरीज ९९.९९ होते हे कोणाच्या लक्षात येईल? तुझ्या येईल. उद्या तुला बहुधा त्याचंच काम मिळणार आहे: यंत्रानं लिहिलेलं वाचायचं, आणि त्यात कुठे पाणी मुरतंय ते शोधायचं. ते वाचता यायला आधी स्वतः लिहून चुकावं लागतं. म्हणून या सात आठवड्यांत एआयला कोड मागू नकोस. एरर समजावून घे, «हा शब्द इथे का आलाय» असं विचार, मग ती खिडकी मिटवून स्वतःच्या हातानं लिही. एडिटरमध्ये आपोआप ओळी पुऱ्या करणारी सोय असेल तर तीही तूर्त बंद.

लॅपटॉप पाच वर्षांचा असला तरी आठ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर चालेल. सोळा जीबी असेल तर ऐषच. बूटकॅम्पनं काही किमान अट घातली आहे का ते एकदा पाहा, आणि बॅटरी तपास. एडिटर फुकट मिळतो, त्याचे रंग आणि फॉन्ट निवडण्यात एक संध्याकाळ घालव, दुसरी घालवलीस तर ते नमनाला घडाभर तेल.

बूटकॅम्पबद्दल तू काही लिहिलं नाहीस, म्हणून मीच विचारते. करार वाचलास का? पहिल्या आठवड्यात सोडलं तर किती पैसे परत, पाचव्यात सोडलं तर किती? «इतके टक्के विद्यार्थ्यांना नोकरी» असं ते म्हणत असतील, तर टक्के कोणाचे काढले: प्रवेश घेतलेल्यांचे, पूर्ण केलेल्यांचे, की नोकरी शोधतोय असं कळवणाऱ्यांचे? आणि त्यांच्याच संस्थेत शिकवायला ठेवून घेतलेले त्यात धरलेत का? छेद बदलला की आकडा कसा फुगतो हे तुला कोणी शिकवायला नको. डेव्ह बूटकॅम्प ही या प्रकारातली अगदी सुरुवातीची संस्था, २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत निघाली आणि २०१७ मध्ये बंदही झाली. नावाजलेली होती, तरी. तेव्हा संस्थाच बंद पडली तर काय, हेही कलम शोध.

बॅचमधले पुढे असतील? काही असतील. पहिल्या दोन आठवड्यांत एखादा असा भेटेल की शिकवणाऱ्याच्या आधी उत्तर देतो. त्याला पुष्कळदा ते आधीच येत असतं, शिकायला फारसं उरलेलं नसतं. चौथ्या-पाचव्या आठवड्यात सगळ्यांनाच नवं असलेलं काहीतरी येतं आणि मग रांग पुन्हा लागते. तू तोवर तुझ्या वहीची पानं भरत राहा.

वेळेचं म्हणशील तर नोकरी सांभाळून रोज दीड तास पुरे, आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. शनिवार-रविवारी दहा तास ठोकून बाकी दिवस कोरे ठेवलेस तर दर शनिवारी मागचं उजळण्यातच सकाळ जाईल. शेवटचे तीन-चार दिवस कोडला हात लावू नकोस. ते दिवस घरच्यांसाठी ठेव, आणि १४ आठवडे मी फारशी हाताशी नसेन हे त्यांच्याशी बोलून ठेव, फोनवर उत्तर न देण्यापासून आजारपणात कोण काय पाहील इथपर्यंत. हे बोलणं लोक टाळतात आणि तिसऱ्या आठवड्यात भांडतात.

कीबोर्ड नको घेऊस. आहे त्यावर दोन आठवडे रोज दहा मिनिटं महिरपी कंस, चौकोनी कंस आणि अर्धविराम न पाहता टाइप करायचा सराव कर. तुझी बोटं सहा वर्षं उजवीकडच्या आकड्यांवर पळाली आहेत, ही चिन्हं त्यांना परकी असणार. आणि ३३५०१० आला की मला कळव.

— तुझी ताई